दावे आणि खुंटा

गेल्या भाऊबीजेला मेव्हणे नवी मोटार घेऊन आले. मुरबाडच्या बाजारातून धसईला परतताना दिवेलागण झाली होती. वळणावर वासरू आडवे आले, मेव्हण्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि मागे बसलेली माझी धाकटी पुढच्या आसनावर तोंडघशी आदळली. दात पडला तो दुधाचा, म्हणून निभावले. घरी येऊन पाहतो, तो मागचे पट्टे हौसेने घातलेल्या सीटकव्हराखाली गाडलेले!

"मागे कोण लावतं पट्टा, दाजी?" मेव्हणे ओशाळून म्हणाले.

आई म्हणाली, "वासराला दावं लावता आणि लेकराला नाही?"

त्या एका वाक्याने मी या पट्ट्याच्या इतिहासात शिरलो.

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा स्वीडनच्या नील्स बोलीन या इंजिनिअराने १९५९ साली व्होल्वो कंपनीसाठी तयार केला. पूर्वी तो विमानांच्या आसनांवर काम करीत असे. कंपनीने पेटंट घेतले खरे, पण ती रचना सगळ्यांना वापरू दिली. पट्टा बांधलाच पाहिजे, असा कायदा मात्र १९७० साली प्रथम ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताने केला.

पण शेतकऱ्याला विचारा: बैलाने हिसका दिला, तर दावे तुटण्याआधी खुंटा उपटतो. मोटारीचेही तसेच आहे. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी मोटार धडकून दोन फुटांत थांबली, तर साठ किलोचा माणूस जवळजवळ हजार किलोंच्या जोराने पट्टा ओढतो. म्हणून कायदा पट्ट्याइतकीच त्याच्या खुंट्याची, म्हणजे मोटारीच्या सांगाड्यातल्या पक्क्या जागांची, परीक्षा घेतो. खांद्याच्या आणि कमरेच्या भागावर एकाच वेळी प्रत्येकी सुमारे पावणेचौदाशे किलोंचा ताण देतात; खुंटा उपटता कामा नये. मोटारींच्या अशा चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे.

आपल्याकडे १९९४ पासून कारखान्यांना पुढच्या दोन जागांसाठी, तर २००२ पासून मागच्या जागांसाठीही पट्टे देणे बंधनकारक झाले. मागे बसणाऱ्याने तो बांधावा, हेही नियमात होतेच. २०१९ साली दंड हजार रुपये झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांचा कायद्यात वेगळा उल्लेख आला. म्हणजे दावे आले, खुंटा आला. बांधायचे तेवढे राहिले.

ते राहिल्याची किंमत ४ सप्टेंबर २०२२ रोजी साऱ्या देशाला कळली. चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. २०१४ पर्यंत तो मुलूख आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. मोटार उंची, तिचे खुंटेही भक्कम. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतल्या सर्वांना पट्ट्याची सक्ती जाहीर केली. नियम जुनाच, जाग नवी.

त्याच रात्री मेव्हण्यांनी कात्रीने सीटकव्हर फाडून पट्टे वर काढले. नव्या कव्हराची मला हळहळ वाटली, पण बोललो नाही. दुसऱ्या दिवशी निघताना धाकटीने आधी आजीचा पट्टा लावला, मग स्वतःचा.

गोठ्यात वासरू बांधलेलेच होते.