कोंबडीच्या गळ्याखालचा फुगा सकाळीही उतरला नाही? अंगणातल्या कोंबड्यांना काय खायला घालावं, काय टाळावं

संध्याकाळी खुराड्यात शिरणाऱ्या कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा दिसतो. त्यात काळजीचं काही नाही. दिवसभर टिपलेले दाणे तिथे साठलेले असतात. पण तोच फुगवटा सकाळी खुराडं उघडतानाही तसाच असेल, तर काहीतरी बिघडलंय.

पनवेल तालुक्यातल्या पळस्पेसारख्या गावात हा प्रश्न जास्त जवळचा आहे. एका बाजूला भातशेती, अंगण आणि गावरान कोंबड्या. दुसऱ्या बाजूला पळस्पे फाटा, जिथे जुना मुंबई-पुणे रस्ता आणि मुंबई-गोवा महामार्ग एकत्र येतात. त्यामुळे कोंबडीच्या चोचीसमोर भाताच्या कण्या येतात, तसाच रस्त्याकडेचा प्लास्टिकचा तुकडा, थर्माकोल आणि बांधकामाचा खिळाही येतो. खाण्याजोगं काय आणि नाही काय, हे तिला प्रत्येक वेळी कळत नाही.

अन्नपिशवी म्हणजे नेमकं काय?

कोंबडीला दात नसतात. ती दाणा न चावता गिळते. गिळलेलं अन्न आधी गळ्याखालच्या पिशवीत जातं. हिला अन्नपिशवी किंवा 'क्रॉप' म्हणतात. इथे अन्न भिजतं, मऊ होतं आणि थोडं थोडं पुढे सरकतं. पुढे जठरात त्यावर पाचक रस मिसळतात आणि मग ते पेट्यात पोहोचतं. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच हा पेटा. त्याच्या जाड स्नायूंमध्ये, कोंबडीने गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने दाणे भरडले जातात.

म्हणजे अन्नपिशवी हे कोठार आहे आणि पेटा हे जातं. कोठाराचं तोंड अडलं किंवा जातं बंद पडलं, की पाठीमागे सगळं तुंबतं.

बिघाड किती प्रकारचे?

पहिला प्रकार म्हणजे अन्न अडकणं. पिशवी सकाळीही भरलेली आणि हाताला घट्ट, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी लागते. लांब गवत, पेंढा, सुतळी, प्लास्टिक यांचा आत गुंता होतो.

दुसरा प्रकार म्हणजे पिशवी आंबणं. हाताला पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लागते आणि चोचीला आंबट वास येतो. अन्न तिथेच साचून राहिलं की 'कॅन्डिडा' नावाची बुरशी वाढते. विनाकारण किंवा बरेच दिवस दिलेल्या अँटिबायोटिक्समुळेही तिला वाव मिळतो.

तिसरा प्रकार म्हणजे पिशवी सैल पडून लोंबणं. वारंवार ताण पडल्याने तिचे स्नायू ढिले होतात आणि अन्न पुढे ढकललं जात नाही.

तिन्ही प्रकारांत कोंबडी दिवसभर खाताना दिसते, पण अन्न पुढे जात नसल्याने ती उपाशीच असते. वजन उतरतं, अंडी थांबतात आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर ती मरते.

मग खायला काय द्यावं?

अंगणात मोकळी फिरणारी कोंबडी किडे, बिया आणि कोवळी पानं स्वतः शोधते. पण तेवढ्यावर रोजचं अंडं निघत नाही. पूर्ण वाढलेल्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या तयार खाद्यात, म्हणजे 'लेअर'मध्ये, १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम असतं. मात्र हेच खाद्य लहान पिल्लांना घालू नये. जादा कॅल्शियममुळे त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. पिल्लांसाठी वेगळं 'स्टार्टर' खाद्य मिळतं.

घरच्या कण्या, भरडलेला मका, ज्वारी-बाजरी हे सगळं चालतं. 'कच्चा तांदूळ पोटात फुगतो आणि कोंबडी फुटते' हा मेसेज मात्र खोटा आहे. कोकणातल्या कोंबड्या पिढ्यानपिढ्या भात टिपत आल्या आहेत. अडचण वेगळी आहे. नुसत्या तांदळात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून तो जोडीला द्यावा. त्यावरच कोंबडी पोसू नये.

दोन गोष्टी खाद्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. एक, स्वच्छ पाणी. कोंबडी जेवढं खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. पाणी कमी पडलं तर पिशवीतलं कोरडं अन्न भिजत नाही. दुसरी, बारीक खडे. मोकळ्या कोंबड्या ते स्वतः टिपतात. पिंजऱ्यात किंवा फरशीवर ठेवलेल्या कोंबड्यांसाठी भांड्यात जाड वाळू ठेवावी. शिंपल्यांचा चुरा या खड्यांची जागा घेत नाही, कारण तो पोटात विरघळतो. तो अंड्याच्या कवचासाठी लागतो. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत द्यावं.

काय टाळावं?

• कापलेलं लांब गवत. जमिनीत उगवलेलं गवत कोंबडी स्वतः बारीक तुकडे तोडून खाते. कापून टाकलेली लांब पाती ती तशीच गिळते. घालायचंच असेल तर विळीवर बारीक चिरून घालावं.
• आंबलेला भात, बुरशी आलेली भाकरी किंवा पाव.
• फरसाण, वेफर्स, खारट सुकी मासळी. जादा मीठ कोंबडीला विषासारखं ठरू शकतं.
• कच्चा राजमा, कच्चं सोयाबीन, कच्चे वाल.
• थर्माकोल, सुतळी, पिशव्यांचे तुकडे. कोंबड्या थर्माकोल आवडीने टोचतात. गणपतीनंतर मखराचे तुकडे अंगणात राहू देऊ नयेत.

ब्रिटनमध्ये तर स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालायला कायद्यानेच बंदी आहे. तिथे कारण आहे ते प्राण्यांमधल्या रोगांचा प्रसार रोखणं.

पावसाळ्यात धोका का वाढतो?

रायगडच्या दमट हवेत मका आणि शेंगदाणा पेंड लवकर बुरशी धरते. 'अस्परजिलस' जातीची बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते आयात केलेल्या बुरशीयुक्त शेंगदाणा पेंडीत. हे विष खाद्य धुऊन, वाळवून किंवा शिजवून पूर्णपणे जात नाही. म्हणून 'थोडीशीच बुरशी आहे, उन्हात टाकू' हा हिशेब महागात पडतो.

जूनपासून तीन-चार आठवड्यांत संपेल एवढंच खाद्य आणावं. गोणी थेट जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी किंवा झाकणाचा डबा वापरावा. कुबट वास आला, गुठळ्या दिसल्या, तर ते खाद्य फेकून द्यावं.

पिशवी भरलेलीच राहिली तर?

शंका असलेल्या कोंबडीला रात्री वेगळं ठेवावं आणि समोरचं खाद्य काढावं, पाणी मात्र ठेवावं. सकाळी काही खायला घालण्याआधी पिशवी हलक्या हाताने चाचपावी. रिकामी असेल तर चिंता नाही. भरलेली असेल तर पशुवैद्यकाला दाखवावं.

व्हिडिओत दिसतं तसं कोंबडीला उलटं धरून ओकारी काढू नये. पिशवीतलं पाणी श्वासनलिकेत गेलं तर ती जागीच मरू शकते. घरात ब्लेडने पिशवी चिरण्याचा प्रयोगही करू नये. माणसांची औषधं देऊ नयेत.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाता येतं, किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करता येतो. गुंतागुंतीच्या केससाठी परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जे १८८६ पासून सुरू आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. अन्नपिशवीचा बिघाड बहुतेकदा एखाद्या कोंबडीला होतो. एकाच वेळी अनेक कोंबड्या सुस्त झाल्या, हिरवट हगवण लागली, माना वाकड्या झाल्या किंवा पटापट मरू लागल्या, तर तो खाद्याचा प्रश्न नसून राणीखेत किंवा बर्ड फ्लूसारखा रोग असू शकतो. अशा वेळी मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवावं.

एरवी रोज सकाळी खुराडं उघडताना एकदा गळ्याखाली हात फिरवला, तरी बिघाड वेळेत लक्षात येतो.