गाळाचा हिशेब

आपल्या सोसायटीचे रौप्यमहोत्सवी वर्ष. स्मरणिकेसाठी तुम्हीही काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आठवणी बरेच जण लिहितील. मी जरा घाणेरड्या विषयावर लिहितो, नालीतल्या गाळावर. सारी नोकरी बँकेत आकडे जुळवण्यात गेली, म्हणून गाळाचाही हिशेबच मांडतो.

आपले सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरावरून पाणी जोरात उतरते, सपाटीला लागले की मंदावते आणि सोबत आणलेली माती-वाळू तिथेच टाकते. गाळ साचतो तो असा. पण पूर्वी या गाळाला किंमत होती. उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी बैलगाड्या भरभरून गाळ नेत आणि शेतात पसरत. तळे खोल होई, जमीन कसदार होई. जमा-खर्च दोन्ही बाजूंनी जुळलेला! शासनाने 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तीही याच जुन्या रीतीवर. आपल्या जिल्ह्यात तर तलाव खोल करून निघालेली माती राष्ट्रीय महामार्गांच्या भरावाला वापरली गेली आणि त्या कामाला 'बुलढाणा पॅटर्न' असे नावच पडले.

शहरातल्या गाळाची गोष्ट मात्र वेगळी. मुंबईची मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. काठावर भराव पडले, वस्त्या आणि कारखाने आले, पात्रात सांडपाणी आणि प्लास्टिक साचत गेले. लोक तिला नाला म्हणू लागले. मुंबईचे जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. ते दुप्पट क्षमतेचे करावेत, असे 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने 1993 मध्येच सांगितले होते. बहुतेक काम कागदावरच राहिले.

मग 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73! त्यात समुद्राला भरती. पाण्याला जायला वाटच उरली नाही. शेकडो माणसे गेली. पुढे जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, मिठीसाठी प्राधिकरण झाले, आणि पावसाळ्यापूर्वीच्या गाळउपशावर सर्वांचे लक्ष राहू लागले.

पण गाळ मोजायचा कसा? पाण्याखाली किती होता आणि किती काढला, हे कोण पाहतो? म्हणून वजनकाटे आले, डंपरच्या खेपांच्या नोंदी आणि फोटो आले. तरीही मिठीतल्या गाळाच्या बिलांवरून 2025 मध्ये मुंबई पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. खरे-खोटे न्यायालय ठरवील. आम्हा बँकवाल्यांना मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : व्हाउचरवर सही असली म्हणजे रोकड मोजलीच असेल, असे नाही.

मुंबईला नावे ठेवणे सोपे आहे. आपण काय करतो? दर मे महिन्यात वर्गणी काढून नाली उपसतो आणि गाळ काठावरच ठेवतो. पहिल्या पावसात निम्मा पुन्हा आत! म्हणजे एकच खर्च दरवर्षी नव्याने. आणि तो गाळ शेतात न्यायला कोणी तयार नाही, कारण त्यात पन्न्या, पुड्या आणि काचा आपणच टाकलेल्या. जुलै 2023 मध्ये आपल्या संग्रामपूर आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने काय हाहाकार केला, ते सांगायला नको.

माझी सूचना साधी आहे. सोसायटीत एक वही ठेवावी. गाळ कधी काढला, किती ट्रॉल्या निघाला आणि कुठे नेऊन टाकला, एवढे तीनच रकाने. तिसरा रकाना भरल्याशिवाय बिल देऊ नये. मी कोशाध्यक्ष असताना हा नियम केला नाही, ही चूक माझीही आहे, हे इथे कबूल करतो.