छंद, यंत्रवेळ आणि व्यवसाय : सिअ‍ॅटलच्या एका शाळेपासून मायक्रोसॉफ्टपर्यंत (१९६८–१९८१)

१

उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिताना चरित्रकथेचा मोह आवरणे कठीण असते. एखादा बुद्धिमान मुलगा, त्याला लागलेले एखाद्या यंत्राचे वेड, त्या वेडापायी जागविलेल्या रात्री आणि अखेरीस हाती आलेले अपार यश, अशी मांडणी झाली की वाचकाचे समाधान होते आणि लेखकाचेही. संगणक-उद्योगाच्या इतिहासात ही मांडणी इतकी रूढ झाली आहे की, तिच्यात वगळले काय गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मायक्रोसॉफ्टचे संस्थापक विल्यम गेट्स व पॉल ॲलन यांच्या शालेय जीवनाची हकीकत हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय.

या हकीकतीतील छंद खोटा आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. तो खरा होता आणि विलक्षण उत्कट होता. परंतु छंद असणे ही एक गोष्ट आणि छंदाचा व्यवसाय होणे ही दुसरी. मालकम ग्लॅडवेल यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गेट्स यांनी तरुणपणी संगणकावर घालविलेल्या तासांवर भर दिला आणि तेव्हापासून तासांची गोष्ट सर्वतोमुखी झाली. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : त्या तासांचे मोल कोणी दिले? आणि त्या तासांतून आज्ञावली लिहिण्याखेरीज दुसरे काय शिकावयास मिळाले? प्रस्तुत निबंधात १९६८ ते १९८१ या कालखंडापुरता या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

२

आजच्या वाचकाला प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. १९६८ साली संगणक ही कोणाही व्यक्तीच्या मालकीची वस्तू नव्हती. ती विद्यापीठांची, सरकारी खात्यांची व मोठ्या कंपन्यांची मालमत्ता होती. मोठ्या यंत्राचा वेळ अनेक ग्राहकांत वाटून देण्याची पद्धत, जिला टाईम-शेअरिंग म्हणतात, ती नुकतीच बाजारात आली होती. ग्राहकाने दूरध्वनीच्या तारेने यंत्राशी जोडून घ्यावयाचे आणि वापराप्रमाणे आकार भरावयाचा, अशी ही व्यवस्था होती. सारांश, संगणकाचा छंद हा घड्याळाबरोबर पैसे मोजावयास लावणारा छंद होता.

सिअ‍ॅटल येथील लेकसाइड ही सधन कुटुंबांतील मुलांची खाजगी शाळा. या शाळेतील मातांच्या मंडळाने जुन्या वस्तूंची विक्री करून जमविलेल्या पैशांतून १९६८ साली एक टेलिटाइप यंत्र व जनरल इलेक्ट्रिकच्या संगणकाचा काही वेळ मुलांसाठी विकत घेतला. गेट्स त्या वेळी अवघे तेरा वर्षांचे होते. ॲलन त्यांच्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठे. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली सिद्ध केलेली बेसिक ही सोपी संगणकीय भाषा मुलांनी पाहता पाहता आत्मसात केली. मातांनी मिळवून दिलेला वेळही तितक्याच त्वरेने संपुष्टात आला. येथेच, पहिल्या काही महिन्यांत, छंदाला पहिली अडचण आली आणि ती बुद्धीची नसून पैशाची होती.

या मंडळातील स्त्रियांची नावे लोकप्रिय इतिहासांत बहुधा आढळत नाहीत. ज्या शाळेसाठी त्यांनी हा खटाटोप केला, तीत त्या वेळी मुलींना प्रवेशही नव्हता. आपल्या यशाचे श्रेय कोणास, याविषयी गेट्स यांनी स्वतः मात्र कृपणता केलेली नाही. लेकसाइड नसती तर मायक्रोसॉफ्टही नसती, अशा आशयाचे विधान त्यांनी २००५ साली त्याच शाळेत केले होते.

३

संपलेला वेळ पुन्हा मिळाला तो एका सुदैवी योगायोगाने. सिअ‍ॅटलमध्ये १९६८ साली कॉम्प्युटर सेंटर कॉर्पोरेशन नावाची संस्था स्थापन झाली. तिच्याजवळ डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-१० हा संगणक होता. यंत्राच्या आज्ञाप्रणालीत दोष सापडत राहतील तोवर भाड्याची रक्कम पुढे ढकलता येईल, अशी सवलत या संस्थेला होती. साहजिकच दोष शोधून देणारी माणसे तिला हवी होती. लेकसाइडच्या मुलांना तिने रात्रीच्या व सुटीच्या वेळी यंत्र विनामूल्य वापरू दिले. मोबदल्यात मुलांनी यंत्र कोठे व कसे अडते याची नोंद करावयाची होती.

या सौद्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. संस्थेने केलेला हा दानधर्म नव्हता. दोन्ही पक्षांना लाभ देणारा तो विनिमय होता. यंत्रवेळ हे एक चलन आहे आणि ते कौशल्य देऊन मिळविता येते, हा धडा मुलांना शाळकरी वयातच मिळाला. त्याआधी त्यांनी दुसरा मार्गही चोखाळून पाहिला होता. संस्थेच्या हिशेबाच्या नोंदींपर्यंत पोहोचून फुकट वेळ मिळविण्याचा हा प्रयत्न उघडकीस आला आणि काही काळ त्यांना यंत्राची बंदी झाली. चोरीचा मार्ग बंद झाला, विनिमयाचा खुला राहिला. १९७० मध्ये संस्था बुडाली, परंतु तोवर गेट्स, ॲलन, रिक वाइलँड व केंट एव्हान्स या चौघांचा एक गट तयार झाला होता.

या गटाचे पुढील काम व्यवसायाच्या अधिक जवळचे होते. १९७१ साली पोर्टलंडमधील इन्फर्मेशन सायन्सेस या कंपनीसाठी त्यांनी वेतनपत्रकाची आज्ञावली कोबोल या भाषेत लिहावयास घेतली. मोबदला पुन्हा यंत्रवेळाचाच होता. मात्र या वेळी रॉयल्टीचाही प्रश्न उपस्थित झाला आणि व्यवसायाने वकील असलेल्या गेट्स यांच्या वडिलांचे साहाय्य घ्यावे लागले. शाळकरी मुलांच्या हाती करारनामा आला तो असा. चौघांपैकी व्यवहाराची सर्वाधिक ओढ एव्हान्स यांना होती. धंद्याविषयीची नियतकालिके ते आवडीने वाचीत. मे १९७२ मध्ये गिर्यारोहण शिकताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. यशाच्या कथेत ज्याला पुढे स्थान मिळू शकले नाही, अशा या मुलाचा वाटा इतिहासकाराने विसरता कामा नये.

४

आता एका अपयशाकडे वळावयाचे. रस्त्यांवरील वाहनांची मोजणी करणारी उपकरणे त्या काळी कागदी फितीवर छिद्रे पाडीत. त्या छिद्रांचे वाचन माणसांना करावे लागे. हे काम यंत्राने करून नगरपालिकांना तक्ते पुरवावेत, या हेतूने गेट्स व ॲलन यांनी ट्रॅफ-ओ-डेटा हा उपक्रम आरंभिला. इंटेलने १९७२ मध्ये बाजारात आणलेला ८००८ हा सूक्ष्मप्रक्रियक त्यांनी ३६० डॉलरला विकत घेतला आणि पॉल गिल्बर्ट यांनी त्याभोवती यंत्राची जुळणी केली. धंदा म्हणून हा उपक्रम अखेर तोट्यातच गेला.

असे असूनही मायक्रोसॉफ्टच्या पूर्वेतिहासात या उपक्रमाइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही, असे म्हणावयास हरकत नाही. सूक्ष्मप्रक्रियकाचे यंत्र सिद्ध होण्यापूर्वीच त्याच्यासाठी आज्ञावली लिहावयाची, तर ती तपासावयाची कशी? ॲलन यांनी यावर उपाय शोधला. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर त्यांनी लहान प्रक्रियकाची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहिली. त्यायोगे मोठे यंत्र लहान यंत्रासारखे वागू लागले आणि प्रत्यक्ष उपकरण हाती नसतानाही काम करता येऊ लागले. हे तंत्र, आणि १९७३ मध्ये टीआरडब्ल्यू कंपनीकडे पीडीपी-१०वर केलेल्या कामातून आलेली व्यावसायिक शिस्त, या दोहोंची जोड पुढे निर्णायक ठरली.

ती वेळ १९७५ च्या प्रारंभी आली. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारीच्या अंकात ऑल्टेअर ८८०० या यंत्राची माहिती छापून आली. ॲल्बुकर्कीच्या एमआयटीएस कंपनीचे एड रॉबर्ट्स ते यंत्र सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने चारशे डॉलरपेक्षा कमी किमतीत विकू लागले होते. त्याचा प्रक्रियक इंटेलचा ८०८० हा होता. गेट्स त्या वेळी हार्वर्ड विद्यापीठात शिकत होते. त्यांच्याजवळ ऑल्टेअर नव्हता, आणि आपल्याजवळ या यंत्रासाठी बेसिक आहे असे कंपनीला कळविले तेव्हा ते बेसिकही नव्हते. हार्वर्डच्या पीडीपी-१०वर ॲलन यांनी ८०८० ची नक्कल उभी केली, गेट्स यांनी भाषेची मुख्य रचना लिहिली आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी अपूर्णांकांच्या गणिताचा भाग सिद्ध केला. सुमारे दोन महिन्यांत काम पुरे झाले. ॲलन विमानाने ॲल्बुकर्कीस गेले, आणि ज्या यंत्राला त्यांनी तोवर कधी हातही लावला नव्हता, त्यावर आज्ञावली चालली. ४ एप्रिल १९७५ ही मायक्रोसॉफ्टच्या स्थापनेची तारीख मानली जाते.

५

हार्वर्डच्या त्या संगणकाचा खर्च अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या निधीतून होत होता. विद्यापीठाचे यंत्र खाजगी धंद्यासाठी वापरल्याबद्दल गेट्स यांना तेथील अधिकाऱ्यांच्या चौकशीस तोंड द्यावे लागले. ही घटना ध्यानी ठेवून एक कागद पुन्हा वाचण्यासारखा आहे. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे, छांदिष्टांना उद्देशून लिहिलेले गेट्स यांचे अनावृत पत्र प्रसिद्ध आहे. आपली आज्ञावली विकत न घेता तिच्या नकला करून वाटणाऱ्यांवर त्यांनी त्यात चोरीचा आरोप ठेवला. आपण वापरलेल्या यंत्रवेळाचे मोल ४०,००० डॉलरहून अधिक असल्याचे सांगून, विक्रीतून हाती आलेले उत्पन्न श्रमाच्या मानाने ताशी दोन डॉलरही पडत नाही, असा हिशेबही त्यांनी मांडला.

हा हिशेब इतिहासकारासाठी बहुमोल आहे. कारण छंदाच्या मागे उभा असलेला खर्च येथे छंदिष्टानेच आकड्यांत सांगितला आहे. परंतु तो वेळ कोणाच्या यंत्रावरचा होता, याचा पत्रात उल्लेख नाही. पुढे काही वेळ पैसे देऊनही घेण्यात आला हे खरे. तथापि पहिल्या व निर्णायक टप्प्याचे काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या यंत्रावर झाले होते. समाजाकडून मिळालेल्या साधनांतून खाजगी मालमत्ता निर्माण झाली आणि त्या मालमत्तेच्या रक्षणासाठी हे पत्र लिहिले गेले. यावरून लेखकास दांभिक ठरविण्याची घाई करू नये. आज्ञावली ही विकावयाची वस्तू आहे, ही कल्पनाच त्या काळी छांदिष्टांत रुजलेली नव्हती. छंद आणि व्यवसाय यांतील सीमारेषा इतक्या स्पष्टपणे आखणारा दुसरा कागद त्या काळात सापडणे कठीण.

या सीमारेषेच्या दुसऱ्या बाजूस स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक उभे होते. कॅलिफोर्नियातील होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या सभांत त्यांनी आपल्या संगणकाचे आराखडे मोकळ्या मनाने वाटले. त्यांचा छंद कोणाहून कमी नव्हता. पण त्याला धंद्याचे रूप आले ते स्टीव्ह जॉब्ज यांनी विक्रीची कल्पना पुढे रेटल्यावर आणि एका दुकानदाराने पन्नास यंत्रांची मागणी नोंदविल्यावर. ॲपलची स्थापना १ एप्रिल १९७६ ची आहे. गॅरी किल्डॉल यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७४ मध्ये सीपी/एम ही कार्यप्रणाली सिद्ध करणारे किल्डॉल बुद्धीने व निष्ठेने कोणाच्याही तोडीचे होते. परंतु १९८० मध्ये आयबीएमच्या नव्या यंत्राचा करार त्यांच्याशी झाला नाही.

तो मायक्रोसॉफ्टशी झाला. त्यासाठी लागणारी कार्यप्रणाली कंपनीजवळ नव्हती. टिम पॅटरसन यांनी सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्ससाठी लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने आधी परवान्याने घेतली आणि जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलर देऊन तिचे हक्क विकत घेतले. आयबीएमला ती देताना मात्र इतर उत्पादकांना विकण्याचा अधिकार स्वतःकडे राखला. १९७५ मध्ये एमआयटीएसशी केलेल्या करारात हाच अधिकार कंपनीने हातचा जाऊ दिला होता आणि तो परत मिळविण्यासाठी १९७७ मध्ये लवादापुढे जावे लागले होते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा वैयक्तिक संगणक जाहीर झाला, आणि त्याच्याशी जुळणारी इतरांची यंत्रे बाजारात आली तेव्हा या राखून ठेवलेल्या अधिकाराचे मोल सर्वांना कळून चुकले.

६

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. छंदाने या मुलांना यंत्रापाशी नेले व तेथे टिकवून धरले. ते काम दुसऱ्या कशानेही झाले नसते. यंत्रापाशी बसण्याचा वेळ मात्र त्यांना इतरांनी दिला : मातांच्या मंडळाने, दोष शोधणाऱ्यांची गरज असलेल्या एका कंपनीने, दोन विद्यापीठांनी आणि अप्रत्यक्षपणे करदात्यांनी. आणि त्या वेळातून यश निष्पन्न झाले ते, यंत्रवेळ, आज्ञावली व अधिकार यांची देवघेव कशी करावयाची हे ती मुले कोवळ्या वयातच शिकली म्हणून.

आपल्याकडील उद्योजकांची चरित्रे अभ्यासावयास घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हीच कसोटी तेथेही लावून पाहावी. नायकाने किती रात्री जागविल्या, याची नोंद चरित्रकार करीतच असतो. त्या रात्री दिवा कोणाच्या पैशाने जळत होता, हे शोधण्यासाठी शाळेची जमाखर्चाची वही, कंपनीचा करारनामा आणि विद्यापीठाच्या दप्तरातील चौकशीचा कागद यांच्याकडेच वळावे लागते.