नगरच्या किल्ल्यातील साक्षी

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी त्यांतील बहुतेकांना आगगाडीने अहमदनगरला आणून किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरू, आझाद, पटेल, पंत, नरेंद्र देव, शंकरराव देव अशा बारा जणांचा हा बंदिवास मार्च १९४५ पर्यंत टिकला. पाठ्यपुस्तकांत याचे एकच वाक्य उरते : नेहरूंनी येथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिला. तो १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवधीत लिहिला गेला, हे खरेच. परंतु त्या दिवसांचे जवळून दर्शन हवे असेल, तर मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'कडे वळावे लागते.

ही पत्रे हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून आहेत. पण तुरुंगातून ती पाठविता येत नव्हती, त्यामुळे १९४६ साली ती ग्रंथरूपानेच प्रकट झाली. ज्याला उत्तर येणार नाही असे पत्र हा साक्षीचा एक विलक्षण प्रकार म्हणावा लागेल. आझाद त्यात चहाविषयी लिहितात, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी लिहितात. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला ते चांदबीबीच्या काळातील हबशी सरदारावरून 'चिता खान' हे टोपणनाव देतात. नेहरूंनाही बागेसाठी जमीन खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागले आणि चांदबीबी आठवली. किल्ला दोघांचाही सारखाच. मात्र एकाला त्यातून इतिहास दिसतो, तर दुसऱ्याला विनोद सुचतो.

तो विनोद ९ एप्रिल १९४३ नंतर थांबतो. त्या दिवशी कलकत्त्यात आझादांच्या पत्नी झुलैखा बेगम निवर्तल्या. आजारपणाच्या बातम्या येत असताना सरकारकडे काही विनंती करायची असल्यास ती पोहोचवू, असे अधिकाऱ्याने सुचविले होते. आझादांनी नकार दिला. पुढे ते जे लिहितात ते मला या पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक वाटते. आपण बाहेरून जो शांतपणा राखला त्यात दिखाव्याचाही अंश होता, अशी कबुली ते देतात. आणि आवारातील एका अनामिक जुन्या कबरीविषयी आता वेगळाच जिव्हाळा वाटू लागल्याचे सांगतात. राष्ट्रीय चळवळीच्या आठवणींत असा स्वतःविरुद्ध दिलेला पुरावा विरळाच.

'इंडिया विन्स फ्रीडम' या त्यांच्या १९५९ साली आलेल्या आत्मकथनात हेच दिवस पुन्हा भेटतात. पण ते हुमायून कबीर यांच्या लेखणीतून, राजकारणाच्या हिशेबाने. विद्यार्थ्यांनी दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवून वाचावेत.

आणखी एक व्यक्ती मला सोडवत नाही. पत्रांत एका स्वयंपाक्याची हकीकत आहे. तो शहरातून पगाराच्या आशेने आला आणि बाहेर बातमी फुटू नये म्हणून स्वतःच अडकून पडला. आझाद ती मिस्किलपणे सांगतात आणि वाचक हसतोही. बारा जणांची नावे आपल्याला पाठ आहेत, त्यांतील अनेकांनी त्या भिंतींआड ग्रंथ लिहिले. नगरच्या या माणसाला मात्र त्या पानांवर नावही लाभलेले नाही. घरी परतल्यावर त्याने तो किल्ला कसा वर्णिला असेल?