हलालखोर : एका बादशाही नावाची कहाणी

अकबर बादशहा 'महान' होता की 'परका', या वादात आपल्या विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. दोन्ही बाजूंची नजर सिंहासनावरच खिळलेली. त्या सिंहासनाखालचा दगड कुणी फोडला, हा प्रश्न त्यांना पडत नाही. आमच्या घरात पुस्तक शिरले ते माझ्याच पिढीत. त्यामुळे इतिहासाचा ग्रंथ उघडला की मजुरीचा आकडा कुठे आहे, ते मी आधी पाहतो.

फत्तेपूर सिक्रीची कथा सर्वांना पाठ आहे. मुले जगत नव्हती म्हणून अकबर सिक्रीच्या टेकडीवर शेख सलीम चिश्तींकडे गेला. १५६९ साली मुलगा झाला, त्याला शेखांचेच नाव ठेवले. हाच पुढचा जहांगीर. १५७० साली नवस फेडायला बादशहा आग्र्याहून अजमेरच्या दर्ग्यापर्यंत पायी गेला आणि १५७१ पासून सिक्रीला राजधानी उभी राहू लागली. पुढच्याच वर्षी शेख वारले. त्यांच्या कबरीभोवतीच्या संगमरवरी जाळीला मूल मागणाऱ्या बायका आजही दोरे बांधतात. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही असतात. या श्रद्धेची चेष्टा मी करणार नाही.

पण तिथल्या जामी मशिदीच्या मागे आणखी एक लहानशी मशीद आहे. तिला पाथरवटांची मशीद म्हणतात. राजधानी वसण्याआधी त्या टेकडीवर तांबडा दगड फोडणाऱ्यांनी ती शेखांसाठी बांधली, असे परंपरा सांगते. म्हणजे बादशहा भक्त होण्याआधी मजूर भक्त होता! पाठ्यपुस्तकात हे वाक्य मला कधी सापडले नाही. तिथे असतो बुलंद दरवाजा. त्या दरवाजावर दक्षिणेच्या विजयाचा लेख कोरलेला आहे. १६०१ साली असीरगड पडला, आपला खानदेश मोगलांकडे गेला आणि शहाजादा दानियालच्या नावावरून त्याचे 'दानदेश' झाले. ते नाव टिकले नाही. याच बादशहाने दिलेले दुसरे एक नाव मात्र टिकले.

ते सांगण्याआधी मजुरीचा हिशेब. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त तो चोख दिला आहे. पहिल्या प्रतीच्या गवंड्याला रोज ७ दाम, पाणी वाहणाऱ्याला ३, त्यातल्या दुसऱ्या प्रतीच्याला २. चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे या शेवटच्या माणसाने पुरा एक रुपया पाहायचा तर वीस दिवस पाणी वाहायचे.

याच ग्रंथात झाडूवाल्यांचा उल्लेख येतो. त्यांना 'हलालखोर' म्हणतात आणि हे नाव बादशहाने रूढ केले, असे अबुल फजल नोंदवतो. हलालखोर म्हणजे कष्टाची, हक्काची भाकर खाणारा. १५६४ साली जिझिया रद्द करणारा, सर्व धर्मांशी सलोख्याची भाषा बोलणारा हा राजा. त्याच्या हेतूत खोट काढण्याचे कारण नाही. शिवीच्या जागी त्याने सन्मानाचा शब्द दिला. झाडू मात्र त्याच हातात राहिला आणि तो बापाकडून मुलाकडे जात राहिला.

पुढे तीनशे वर्षांनी, १९०१ च्या शिरगणतीत बंगालच्या मुसलमानांतील जातींची नोंद झाली. त्यात 'अरझल', म्हणजे सर्वांत खालच्या ठरवलेल्या, गटात हलालखोर आहेत. त्यांच्याशी इतर मुसलमान संबंध ठेवत नाहीत, त्यांना मशिदीत प्रवेश नाही, सार्वजनिक दफनभूमीत जागा नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. ज्या धर्माच्या तत्त्वात जात नाही, त्याच्या समाजात ही अवस्था! बाबासाहेबांनी हा उतारा पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात मुद्दाम घेतला आहे. सन्मानाचा शब्दच बहिष्काराची खूण बनला होता.

आपल्याला हे ओळखीचे वाटले तर नवल नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घालण्यात आला. ज्यांना हे नाव द्यायचे त्यांनाच ते नको आहे, असे बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सांगत होते. बहुमताने ते ऐकले नाही. स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून उठून बाहेर पडले.