ओक

ओक : (कुल : फॅगेसी, प्रजाती : क्वेर्कस). उत्तर गोलार्धातील वृक्ष व झुडपांची मोठी प्रजाती. लिनीयसने १७५३ मध्ये तिचे वर्णन केले. आज तीत चारशेहून अधिक जाती मानतात. सर्वाधिक, सुमारे १६०, मेक्सिकोत आहेत. पेल्यात बसलेले एकबीजी, टणक सालीचे फळ ही ओकची खरी ओळख. पानांवर विसंबू नये : खोलगट खंडांची पाने युरोप-अमेरिकेतील काही जातींना असतात, आशियातील अनेक सदाहरित जातींची पाने मात्र अखंड किंवा दातेरी असतात.

जुने वर्गीकरण पाने, फळे व पेला यांवर उभे होते. पेल्यावर खवल्यांऐवजी कडी असलेल्या आशियाई जातींना तर काहींनी स्वतंत्र प्रजातीच मानले. परागकण व जनुकीय पुराव्यांनी ही मांडणी मोडली. २०१७ च्या वर्गीकरणात दोन उपप्रजाती व आठ गट आहेत. पहिली उपप्रजाती मुख्यतः अमेरिकेची. तिच्यातील तांबड्या ओकच्या पानांच्या टोकांना केसासारखे काटे असतात, फळ बहुधा दुसऱ्या वर्षी पिकते आणि हा गट निसर्गतः अमेरिका खंडांबाहेर आढळत नाही. पांढऱ्या ओकचे फळ त्याच वर्षी पिकते. याच्या लाकडातील वाहिन्या बुजलेल्या असल्याने मद्याची पिंपे त्याची करतात. गटांतर्गत संकर सहज होतो, म्हणून जातींची संख्या अभ्यासकागणिक बदलते.

दुसरी उपप्रजाती जुन्या जगाची. बुचाचा ओक तिच्यातलाच आणि हिमालयातील प्रमुख ओकही. कुमाऊँ-गढवालमध्ये ओढ्याकाठी, कमी उंचीवर फल्यांट (कड्यांच्या पेल्याचा). त्यावर बांज, मग मोरू आणि सुमारे ३,००० मीटरवर खर्सू. चारही सदाहरित. बांजच्या पानाची खालची बाजू लवेने पांढुरकी दिसते. खर्सूचे बी पावसाळ्यात झाडावरच रुजू लागते; साठवून ठेवता येत नसल्याने त्याची रोपे वाढवणे अवघड जाते. चारा, सरपण आणि गुरांच्या गोठ्यातला पाला यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या होणारी छाटणी या जंगलांना झेपेनाशी झाली आहे, आणि त्यांची काळजी वाटावी अशीच स्थिती आहे.

सह्याद्रीत ओक निसर्गतः वाढत नाही. बागांतला व रस्त्याकडेचा सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा, निराळ्याच प्रोटिएसी कुलातला. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ मात्र ओकचेच, पण ते फळ नव्हे : पश्चिम आशियातील क्वेर्कस इन्फेक्टोरियाच्या फांदीवर एका चिमुकल्या गांधीलमाशीने अंडे घातल्यावर झाडाने धरलेली, टॅनिनने भरलेली ती गाठ आहे.