रोजगार हमीचा मोठा लाभ खासगी मजुरीतून. आंध्रातील प्रयोगाचा निष्कर्ष

ग्रामीण रोजगार हमी योजनेने गरिबी किती घटते, याचा हिशेब बहुधा सरळ मांडला जातो : कामाचे दिवस किती, दिवसाची मजुरी किती आणि कुटुंबाच्या हाती किती रक्कम पडली. अविभाजित आंध्र प्रदेशातील एका मोठ्या प्रयोगाने हा हिशेब अपुरा ठरवला आहे. योजनेची अंमलबजावणी सुधारताच मजूर कुटुंबांचे उत्पन्न १४ टक्क्यांनी वाढले. मात्र त्या वाढीतील ८६ टक्के वाटा योजनेवरील कामाचा नव्हता. खासगी कामाची मजुरी आणि त्या कामाचे प्रमाण, दोन्ही वाढल्याने तो प्रामुख्याने मिळाला होता.

कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांचे हे संशोधन ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारने दिलेल्या रोजगाराचा खासगी श्रमबाजारावर काय परिणाम होतो, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीचा कायदा राज्याने १९७७ मध्ये केला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी ग्रामीण भारताला दिली, तेव्हापासून हा वाद देशव्यापी झाला. मजूर मिळेनासे होतील, शेती परवडणार नाही, अशी तक्रार एका बाजूने होत राहिली. मजुराला नाही म्हणण्याचे बळ मिळेल, असा युक्तिवाद दुसऱ्या बाजूने.

प्रयोगाची संधी प्रशासनाच्या एका निर्णयातून मिळाली. मजुरीचे वाटप टपाल कार्यालयांऐवजी बोटांचे ठसे तपासणाऱ्या स्मार्टकार्डद्वारे गावातच करावे, असे राज्य सरकारने ठरवले. ही पद्धत आठ जिल्ह्यांत एकाच वेळी लागू न करता कोणत्या मंडलात आधी आणि कोणत्या मंडलात नंतर, हे सोडतीने ठरले. १५७ मंडले आणि १ कोटी ९० लाख लोकसंख्या या अभ्यासाच्या कक्षेत आली. निवड सोडतीने झाल्यामुळे दोन गटांतील फरकाचे श्रेय पावसाला, पिकाला किंवा स्थानिक पुढाऱ्याला देता येत नाही. अर्थात, येथे तुलना योजना असलेल्या व नसलेल्या गावांची नाही. ती नीट चाललेल्या आणि रडतखडत चाललेल्या योजनेची आहे.

दोन वर्षांनंतरही नव्या मंडलांतील सुमारे निम्मीच देयके स्मार्टकार्डद्वारे होत होती. तरीही मजुरी लवकर मिळू लागली, मधली गळती घटली, आणि सरकारी दप्तरातील खर्च जवळपास तेवढाच असताना मजुरांच्या हाती अधिक पैसे पडू लागले.

खासगी मजुरी का वाढली? योजनेचे काम हा भरवशाचा पर्याय झाल्यावर, ज्या रकमेखाली काम स्वीकारायचे नाही ती मजुराच्या मनातील मर्यादा वर सरकली. मजुरी वाढली की मालक माणसे कमी करतात, हे पाठ्यपुस्तकातील गृहीतक मात्र येथे लागू पडले नाही; खासगी रोजगारही वाढला. जमीन मोजक्या हातांत एकवटलेल्या गावांत ही वाढ अधिक होती, आणि संशोधकांच्या स्पष्टीकरणाचा तो कणा आहे. गावात काम देणारे थोडेच असतील, तर ते मजुरी दाबून ठेवू शकतात. अशा मजुरीवर अनेकजण कामाला येतच नाहीत. मालकही दर वाढवण्यापेक्षा कमी माणसांवर भागवतो. बाहेरचा पर्याय बळकट झाला की दर वाढवावाच लागतो, आणि वाढीव दराने घरी बसलेले हातही शेतावर येतात. शिवाय मजुरांकडे पैसा आल्याने स्थानिक मागणी वाढली असावी. बिगरशेती व्यवसायांची संख्या आणि त्यांतील रोजगार वेगाने वाढला, ही बाब त्याच्याशी सुसंगत आहे.

या बदलाची किंमत कोणीतरी मोजलीच. जमिनीपासून मिळणारा परतावा घटला. शेतीच्या हंगामात सरकारी कामे बंद ठेवा, या जुन्या मागणीमागील आर्थिक हितसंबंध त्यातून उघड होतो. दुसऱ्या पारड्यात गरिबीच्या प्रमाणात झालेली २६ टक्क्यांची घट आहे. ती केवळ योजनेच्या मजुरीतून झाली नसल्याने, ज्या काळात हा पर्याय बंद ठेवला जाईल त्या काळात मजुराची घासाघीस करण्याची ताकद कितपत टिकेल, हा प्रश्न हिशेबात धरावा लागेल.

या यशाचे श्रेय केवळ यंत्राला देणे घाईचे ठरेल. याच संशोधकांनी झारखंडमधील १३२ प्रखंडांत शिधावाटपासाठी सक्तीच्या केलेल्या आधार-आधारित ठसे पडताळणीचा अभ्यास केला. तेथे नुसत्या पडताळणीने गळती घटली नाही. उलट, ज्या २३ टक्के लाभार्थ्यांनी आपले ओळखपत्र आधी जोडलेले नव्हते, त्यांना मिळणारा लाभ १० टक्क्यांनी घटला. आंध्रात पैसे गावातच मिळण्याची सोय झाली होती आणि कार्ड नसलेल्यांचे जुन्या पद्धतीचे वाटपही सुरू राहिले होते. झारखंडमध्ये दुकान तेच राहिले. भर पडली ती ठसा जुळण्याच्या अटीची.